निळ्या घोड्याचा चित्रकार : एरिक कार्ल

वर्गमित्रांनो, आणि आज शाळा पाहायला आलेल्या आई-बाबांनो, काका-मावशींनो,

या खेपेच्या भित्तिपत्रकात 'चित्रकाराची ओळख' हा पाठ लिहिण्याचे काम सातवीच्या वर्गातून माझ्याकडे आले. बाई म्हणाल्या, "मोठमोठी विशेषणे लावू नकोस. त्या माणसाने काय केले आणि ते त्याला कसे सुचले, एवढे सांग." म्हणून मी तसेच लिहिले आहे. पण चित्रकाराकडे जाण्याआधी आपल्या वर्गातली एक गोष्ट सांगायला हवी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चित्रकलेच्या तासाला आपण सर्वांनी बैल काढले. कोणी पांढरा रंगवला, कोणी तांबडा. एका मित्राने मात्र आख्खा बैल निळा रंगवला. ते चित्र पाहून वर्ग हसू लागला. "अरे, बैल कधी निळा असतो का?" असे जो मोठ्याने म्हणाला, तो मीच. त्या मित्राने चित्राची घडी घातली आणि दप्तरात टाकली. पुढच्या दोन तासांना त्याने चित्रच काढले नाही. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तोही हे वाचणार आहे.

बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी तालुक्याहून एक पुस्तक आणले आणि एका चित्रकाराची हकिकत सांगितली. तीच आता वाचा.

बापाचे बोट धरून

एरिक कार्ल यांचा जन्म २५ जून १९२९ रोजी अमेरिकेतील सिरॅक्यूज या गावी झाला. त्यांचे आई-वडील जर्मनीहून तिथे गेले होते. वडिलांना स्वतःला चित्रकार व्हायचे होते, पण घरच्यांनी होऊ दिले नाही.

वडील एरिकला घेऊन रानात फिरायला जात. वाटेत एखादा दगड उचलत, झाडाची सुटलेली साल बाजूला करत आणि तिच्याखाली दडलेले किडे, गांडुळे, सरडुली दाखवत. हा काय खातो, कुठे राहतो, हे सांगत. पाहून झाले की तो जीव जिथला तिथे अलगद ठेवून देत. खिशात घालायचा नाही की काठीने डिवचायचा नाही.

पुढे कार्ल यांनी आपल्या पुस्तकांत सुरवंट, कोळी, रातकिडा, काजवा असे बारके जीवच घेतले. त्यात वडिलांची आठवण आहे, असे ते सांगत असत.

सिरॅक्यूजच्या बालवर्गाची खोली मोठी आणि भरपूर उजेडाची होती. मोठाले कागद, जाड कुंचले आणि भडक रंग मुलांना मिळत. तिथल्या बाईंनी एरिकच्या आईला शाळेत बोलावून घेतले. आपल्याकडे शाळेतून बोलावणे आले की घरी पहिला प्रश्न येतो, "काय रे, काय करून ठेवलंस?" पण त्या बाईंनी सांगितले, "तुमचा मुलगा चित्रे छान काढतो. त्याला उत्तेजन द्या." आईने ते ऐकले आणि जन्मभर लक्षात ठेवले.

पूल बांधायचा होता

एरिक सहा वर्षांचा असताना, १९३५ साली, आईला माहेरच्या देशाची ओढ लागली म्हणून सगळे जर्मनीत स्टुटगार्ट शहरी परत गेले. तिथे तेव्हा हिटलरचे राज्य होते. नव्या शाळेत खोली अंधारी, कागद लहान, पेन्सिल टणक. चूक झाली की हातावर छड्या बसत. सहा वर्षांच्या पोराला कळेना, की आपण परत घरी कधी जाणार? कोणी नेणार नाही हे समजल्यावर त्याने मनाशी ठरवले, की आपण मोठेपणी पूल बांधणारे व्हायचे. जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत पूल बांधायचा आणि आपल्या लाडक्या आजीचा हात धरून तिला पलीकडे न्यायचे!

मध्ये केवढा समुद्र आहे, हे नकाशात पाहा. पण हा पूल विसरू नका. तो पुढे पुन्हा येणार आहे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. वडिलांना सैन्यात जावे लागले आणि पुढे ते रशियाच्या कैदेत पडले. विमानांना दिसू नयेत म्हणून शहरातल्या इमारती मातकट, करड्या, काळपट हिरव्या रंगाने माखल्या होत्या. पंधराव्या वर्षी एरिकला इतर मुलांबरोबर सरहद्दीवर खंदक खणायला धाडले. वडील परत आले ते १९४७ च्या अखेरीस. तेव्हा त्यांचे वजन अवघे ३८ किलोच्या आसपास होते. रानात दगड उचलून किडे दाखवणारा तो माणूस पार खचून गेला होता.

भडक रंग आपल्याला इतके का आवडतात, याचे कारण सांगताना कार्ल यांनी त्या मळकट दिवसांची आठवण काढली आहे. रंग हरवले होते, म्हणून त्यांना रंगांची किंमत कळली.

गुपचूप दाखवलेली चित्रे

आता निळ्या घोड्याकडे येऊ.

फ्रान्झ मार्क नावाचे एक जर्मन चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८८० चा. त्यांनी १९११ साली निळा घोडा रंगवला. त्यांची गायही पिवळीधमक होती. जनावर डोळ्यांना कसे दिसते यापेक्षा आपल्या मनाला ते कसे वाटते, हे त्यांना रंगातून सांगायचे होते. १९१६ साली पहिल्या महायुद्धात, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते रणांगणावर मारले गेले.

हिटलरच्या सरकारला अशी चित्रे मुळीच खपत नसत. जे जसे दिसते तसेच रंगवा आणि त्यातून राज्याचा जयजयकार करा, असा हुकूम होता. बाकीची चित्रे 'बिघडलेली' ठरवून संग्रहालयांतून काढून टाकली. मार्क यांचीही त्यात गेली. १९३७ साली म्युनिक शहरात अशा चित्रांचे एक प्रदर्शन भरवले, ते कशासाठी? तर लोकांनी येऊन त्यांची टिंगल करावी म्हणून! हे बाईंनी सांगितले तेव्हा मी मान खाली घातली.

एरिकच्या शाळेत क्राउस नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. एरिक बारा-तेरा वर्षांचा, म्हणजे आपल्याएवढाच होता. क्राउस गुरुजींनी त्याची चित्रे पाहिली आणि एक दिवस त्याला आपल्या घरी बोलावले. तिथे त्यांनी लपवून ठेवलेल्या, बंदी असलेल्या चित्रांच्या छापील प्रती बाहेर काढून त्याला दाखवल्या. हे कोणाला कळले असते तर गुरुजी संकटात पडले असते. तरी त्यांनी दाखवल्या.

एरिक आधी दचकलाच. असली चित्रे त्याने कधी पाहिलीच नव्हती. पण घरी गेल्यावर ती मनातून जाईनात. हवा तो रंग हव्या त्या जनावराला देता येतो, हे त्या दिवशी त्याला कळले. क्राउस गुरुजींचे हे उपकार ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले.

खिशात ४० डॉलर

युद्धानंतर एरिकने स्टुटगार्टच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. १९५२ साली, खिशात ४० डॉलर आणि काखेत चित्रांची वही घेऊन, ते एकटेच अमेरिकेला परतले. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात त्यांना काम मिळाले. पुढे बरीच वर्षे ते जाहिरातींची चित्रे करत होते. मुलांचे पुस्तक त्यांच्या डोक्यातही नव्हते.

एकदा त्यांनी औषधाच्या जाहिरातीसाठी लाल शेवंड केली. शेवंड म्हणजे समुद्रातला मोठ्या झिंग्यासारखा प्राणी. बिल मार्टिन नावाच्या शिक्षक-लेखकांनी ती पाहिली आणि आपल्या मुलांच्या पुस्तकासाठी कार्ल यांच्याकडून चित्रे मागितली. ते पुस्तक १९६७ साली निघाले. त्यात तपकिरी अस्वल आहे, लाल पक्षी आहे, जांभळे मांजर आहे, आणि हो, एक निळा घोडाही आहे! क्राउस गुरुजींच्या घरी उघडलेली वाट इतक्या वर्षांनी पुस्तकात पोहोचली. कार्ल तेव्हा अडतिशीला आले होते. हे काम करताना त्यांना सिरॅक्यूजच्या बालवर्गातले मोठे कागद आणि जाड कुंचले आठवले. मग जाहिराती मागे पडल्या आणि पुस्तकेच पुढे आली.

पंचमधून निघाला सुरवंट

कागद फायलीत लावायला भोके पाडतात तो पंच तुम्ही ऑफिसात पाहिला असेल. एक दिवस कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोके पाडत बसले होते. ती भोके पाहून त्यांना वाटले, हे तर एखाद्या किड्याने पुस्तक खाल्ल्यासारखे दिसते! त्यांनी लगेच एका हिरव्या किड्याची गोष्ट रचली. तो आठवडाभर खात सुटतो. त्यांच्या संपादक ॲन बेनेड्यूस यांना किडा फारसा रुचला नाही. "त्याऐवजी सुरवंट घेतला तर?" असे त्यांनी सुचवले. कार्ल ताबडतोब म्हणाले, "मग शेवटी फुलपाखरू!"

१९६९ साली हे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक आले. त्यात सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, कलिंगड असे काय काय खातो आणि त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर बरे वाटते. शेवटी कोश आणि मग फुलपाखरू. पाने लहान-मोठी कापलेली आहेत आणि प्रत्येक फळाला खरोखरचे भोक आहे. असे पुस्तक परवडेल अशा दरात छापून देणारा छापखाना अमेरिकेत सापडेना. शेवटी ते जपानमध्ये छापून घ्यावे लागले.

पुस्तकात शब्द अवघे २२४. पण आजवर ५ कोटींपेक्षा जास्त प्रती खपल्या आणि ६० पेक्षा जास्त भाषांत ते गेले.

बाईंनी आणले होते ते हेच पुस्तक. ते इंग्रजीत आहे. माझा भाऊ पहिलीत आहे, त्याला अजून मराठी जोडाक्षरे येत नाहीत. पण त्याने पुस्तक हातात घेतले, भोकात बोट घातले आणि "एक, दोन, तीन" मोजू लागला. शेवटचे पान उलटल्यावर "फुलपाखरू!" म्हणून ओरडला. एकही अक्षर न वाचता त्याला गोष्ट कळली. चित्रकाराचे काम काय असते, हे मला तेव्हा कळले.

कार्ल चित्रे कशी करत?

कार्ल रंगाने थेट चित्र काढत नसत. आपल्या पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद घेत आणि त्यावर रंगांचे फटकारे मारत. कुंचला, स्पंज, सतरंजीचा तुकडा, हाताची बोटे, जे हाताशी असेल त्याने ठसे उमटवत. कागद वाळले की रंगांप्रमाणे खणांत लावून ठेवत. हिरव्यांचा खण वेगळा, लालांचा वेगळा. मग हवे ते आकार कापून खळीने पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवत. म्हणजे आपल्या कार्यानुभवाच्या तासाला असते ते कातरकाम आणि चिकटकामच!

नुसते पाहण्यावर त्यांचे समाधान नव्हते. १९८४ च्या कोळ्याच्या पुस्तकात जाळ्याचा धागा कागदावर उंच उठवलेला आहे, तो बोटांनी चाचपता येतो. १९९० च्या पुस्तकात शेवटचे पान उघडले की रातकिडा किरकिरतो. १९९५ च्या पुस्तकात काजवे लुकलुकतात.

थोडे विज्ञान

सुरवंटाच्या पुस्तकात एक चूक आहे आणि ती पुष्कळांनी दाखवून दिली. अंगाभोवती रेशमी धाग्याचे घर विणतात ते बहुधा पतंग, म्हणजे रात्री दिव्याभोवती फिरतात ते. रेशीमकिडा त्यांतलाच. फुलपाखराची अळी तसे घर विणत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतून टणक कवचाचा कोश बाहेर येतो. इंग्रजीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत आणि कार्ल यांनी पतंगाचा शब्द फुलपाखराला लावला. तो त्यांनी तसाच राहू दिला. मराठीत दोन्हींना आपण कोशच म्हणतो, त्यामुळे आपली चूक कोणाला सापडत नाही!

खरे पाहायचे असेल तर लिंबोणीच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर शोधा. तिथली बारकी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की ती हिरवीगार होते. कोश होताना ती कमरेभोवती एक धागा बांधून घेते, वायरमन खांबाला पट्टा बांधून उभा राहतो तशी. पाहा, पण वडिलांनी एरिकला शिकवले तसे, जिथली तिथेच राहू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

आता त्या पुलाची गोष्ट. कार्ल म्हणत, की घर सोडून शाळेत जाणे ही लहान मुलाच्या आयुष्यातली फार मोठी घटना असते. घरी ऊब असते, खेळ असतात. शाळेत बाके, घंटा आणि अनोळखी माणसे. आपली पुस्तके म्हणजे घर आणि शाळा यांच्यामधला पूल व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांचे पुस्तक निम्मे पुस्तक आणि निम्मे खेळणे असते. समुद्रावर पूल झाला नाही, पण हा झाला.

जूनमध्ये पहिलीची मुले फाटकाशी रडतात, ते आपण दर वर्षी पाहतो. माझा भाऊही आठ दिवस रडला. तेव्हा आई-बाबांनो, एक विनंती आहे. घरी मुलाने चित्र दाखवले तर "हे काय काढलंस?" असे म्हणू नका. "यात काय काय आहे, सांग बघू," असे विचारा. एवढ्याने कागद-रंगांचा खर्च वाढत नाही.

एरिक कार्ल यांनी ७० हून अधिक पुस्तके केली. २००२ साली त्यांनी आणि पत्नी बार्बरा यांनी अमेरिकेतील ॲमहर्स्ट गावी चित्रपुस्तकांचे एक संग्रहालय उभे केले. २०११ साली, ८२ व्या वर्षी, त्यांनी फ्रान्झ मार्क यांच्या आठवणीसाठी निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकाराचे पुस्तक काढले. त्यात घोडा निळा, मगर लाल, गाय पिवळी, आणि गाढव तर ठिपक्याठिपक्यांचे! २३ मे २०२१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले.

करून पाहा

१. जुनी वर्तमानपत्रे घ्या. त्यांवर पाण्यात कालवलेले रंग बोटाने, चिंधीने, नारळाच्या शेंडीने फासा आणि वाळवा.
२. मैदा पाण्यात शिजवून खळ करा. खळ मोठ्या माणसांसमोर शिजवा.
३. रंगीत कागदातून पाने, किडे, पक्षी कापून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

सांगा पाहू

१. एरिकच्या वडिलांनी दगड उचलल्यावर शेवटी काय करत असत? तसे का?
२. क्राउस गुरुजींनी चित्रे घरी बोलावून का दाखवली, शाळेत का नाही?
३. पतंगाचा कोश आणि फुलपाखराचा कोश यांत फरक काय?

शेवटी थोडेसे

पाठ लिहून झाल्यावर मी आमच्या गोठ्यात गेलो. पोळ्याला आम्हीच बैलाची शिंगे निळी रंगवली होती, अंगावर गेरूचे ठिपके दिले होते, पाठीवर झूल घातली होती. आख्खा गाव आपले बैल रंगवतो आणि वेशीत मिरवतो. तेव्हा कोणी विचारत नाही, की बैलाची शिंगे कधी निळी असतात का? आपला बैल आपल्याला त्या दिवशी जसा वाटतो, तसा आपण त्याला सजवतो. आमच्या मित्राने कागदावर तेच केले होते. मी उगाच हसलो. माझे चुकले.

या भित्तिपत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात एका चित्राएवढी जागा बाईंना विचारून रिकामी ठेवली आहे. टाचण्याही तिथेच लावून ठेवल्या आहेत. मित्रा, तुझा बैल दप्तरात असेल तर आणून लाव. घडी पडली असली तरी चालेल.